नाशिकमध्ये हौसेची फोटोग्राफी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी सांभाळून सुट्टीच्या पहाटे कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर पडणाऱ्यांपैकी मी एक. फोटोंवर माझं पोट नाही, त्यामुळे इथली उत्तरं हौशी माणसाच्या गरजेपुरती आहेत. प्रश्न मात्र सगळे खरे आहेत. नातेवाईक, ऑफिसातले सहकारी, घाटावर भेटलेली कॉलेजची मुलं, सगळे फिरून फिरून हेच विचारतात. सोपे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे नंतर. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून गरज पडेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कॅमेरा कोणता घेऊ? मोबाइलवर शिकता येईल का?

येईल, आणि पहिले काही महिने मोबाइलवरच शिका. चौकट कशी लावायची, ऊन कुठून येतंय, पार्श्वभूमीत काय घुसलंय, हे सगळं मोबाइलवर शिकता येतं. मोबाइल दोन ठिकाणी कमी पडतो: लांबचे पक्षी आणि अंधुक उजेडात हलणारी माणसं. या दोन्हींची ओढ लागली की मगच खर्च करा.

बजेट कमी असेल तर वापरलेला डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा), सोबत मिळणारी १८-५५ लेन्स आणि ५० एमएम एफ १.८ ही लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितकं उजेड आत घेणारं छिद्र मोठं) एवढं पुष्कळ झालं. वापरलेली लेन्स घेताना दुकानातच मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने लावून पुढून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे, लेन्स घेऊ नका. कॅमेऱ्याचा शटर काउंट, म्हणजे त्याने आतापर्यंत किती फोटो काढलेत, ते विचारा, आणि एफ १६ वर मोकळ्या आकाशाचा एक फोटो काढा. सेन्सरवर धूळ असेल तर ठिपके लगेच दिसतात.

२. नाशिकमध्ये सुरुवात कुठून करू?

गंगेवरून, म्हणजे गोदावरीच्या घाटावरून (नाशिककर तिला गंगाच म्हणतात). दुसरं उत्तर माझ्याकडे नाही. रामकुंडापासून गाडगे महाराज पुलापर्यंतच्या पट्ट्यात पाणी, दगड, देवळं, बाजार, माणसं, जनावरं सगळं आहे, आणि तिथे जायला ना पेट्रोल लागतं ना तिकीट. सकाळी सूर्य पंचवटीच्या अंगाने वर येतो. तुम्ही अलीकडच्या, म्हणजे जुन्या नाशिकच्या काठावर उभे असाल तर ऊन समोरून येतं: माणसांच्या काळ्या आकृत्या, चमकणारं पाणी, ओल्या पायऱ्या. संध्याकाळी तेच ऊन पंचवटीच्या बाजूच्या देवळांवर पडतं आणि नारोशंकराच्या देवळाचं कोरीव काम उठून दिसतं. हे देऊळ १७४७ मधलं. त्याची मोठी घंटा वसईच्या विजयाची खूण म्हणून सांगितली जाते. घंटेचा फोटो सगळेच खालून काढतात. तिला धरून मागे नदी येईल असा कोन शोधून बघा.

बुधवारी गेलात तर बाजार भरलेला असतो. होळकर पुलावरून (जुने लोक अजून व्हिक्टोरिया पूलच म्हणतात) खाली बघितलं की छत्र्या आणि ताडपत्र्यांची नक्षी दिसते.

माझा आग्रह एकच: एकच जागा धरा आणि ऋतू बदलतील तसे तिथे परत जात राहा. हरिहरच्या पायऱ्या, साल्हेरचा माथा, सोमेश्वरचा धबधबा अशी यादी घेऊन रविवारी धावणाऱ्याला सगळीकडचा एकेक बरा फोटो मिळतो. एका घाटावर वर्षभर जाणाऱ्याला दुतोंड्या मारुती कोरडा, गुडघाभर पाण्यात आणि पुरात बुडालेला असा तिन्ही वेळेला भेटतो.

३. कोणत्या वेळेला प्रकाश चांगला मिळतो?

सूर्योदयाच्या आधीची वीस मिनिटं आणि नंतरचा तास. डिसेंबर-जानेवारीत नाशिकला सूर्य सातच्या सुमारास उगवतो, जूनच्या सुरुवातीला सहाच्या आत. त्यामुळे आळशी माणसानेही फोटोग्राफी हिवाळ्यात सुरू करावी. थंडीत पाण्यावर वाफ तरंगते आणि ऊन बराच वेळ तिरपं राहतं. एप्रिल-मेमध्ये हवेत धूळ असते, आणि मेच्या उत्तरार्धात दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर येतो, त्यामुळे चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी काळे खड्डे पडतात. दुपारीच काढायचं असेल तर जुन्या नाशकातल्या बोळांत शिरा. तिथे वाड्यांच्या भिंतींवरून परतून आलेला मऊ उजेड मिळतो.

पहिल्या दोन-चार जोरदार सरींनंतर हवा धुऊन निघते आणि शहरातून लांबचे डोंगर स्वच्छ दिसतात. आकाशासाठी मात्र परतीचा पाऊस सरतानाच्या संध्याकाळी मला सगळ्यात आवडतात.

४. अनोळखी माणसांचे फोटो काढताना विचारायचं कसं? लोक रागावतात का?

लपूनछपून काढलं तर रागावतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. माझी पद्धत अशी: कॅमेरा खाली, आधी नमस्कार, मग त्यांच्या कामाबद्दल बोलणं, फोटोचं नाव सगळ्यात शेवटी. तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्या एका काकांकडे मी असाच गेलो होतो. "काका, काम बघत बसू का थोडा वेळ?" म्हटल्यावर त्यांनी पायाने पाट सरकवला. हंडा मांडीशी फिरत होता, हातोडीचा प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याला चिकटून पडत होता आणि मठारलेल्या तांब्यावर दारातलं ऊन तुकड्या-तुकड्यांनी चमकत होतं. बऱ्याच वेळाने विचारलं, "एक फोटो काढू का?" ते सावरून बसले, टोपी नीट केली, हातोडी बाजूला ठेवली. हा फोटो आधी काढायचाच, कारण तो त्यांना हवा असतो. मग आपण गप्प बसायचं. काम पुन्हा सुरू होतं, माणूस आपल्याला विसरतो, आणि आपल्याला हवा असलेला फोटो तिथून पुढे मिळतो.

पुढच्या खेपेला प्रिंट घेऊन जा. मोबाइलवर पाठवलेला फोटो हरवतो, कागदावरचा भिंतीवर लागतो. एकदा प्रिंट दिली की त्या गल्लीत तुम्ही परके राहत नाही. शेजारचा दुकानदारही "आमचाही काढा" म्हणतो.

काही वेळा मात्र कॅमेरा पिशवीतच राहिला पाहिजे. रामकुंडावर दशक्रिया, पिंडदान, अस्थिविसर्जन चालतं. तिथे आलेल्या घरात नुकतं कोणी गेलेलं असतं, त्या चेहऱ्यांवर लेन्स रोखणं मला मुळीच पटत नाही. अंघोळ करणाऱ्या, ओले कपडे बदलणाऱ्या बायकांचे फोटो कदापि नाही. लहान मुलांचे फोटो आई-वडिलांना विचारल्याशिवाय नाही, मूल कितीही गोड हसत असलं तरी.

साधूंनी फोटोनंतर दक्षिणा मागितली तर द्या किंवा आधीच नम्रपणे सांगून फोटो टाळा. काढून झाल्यावर घासाघीस करू नका.

५. काळारामाचं देऊळ फोटोत काळं न दिसता राखाडी का दिसतं?

कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं दृश्य मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून चालतं. समोर काळा पाषाण आला की त्याला वाटतं उजेड कमी आहे, म्हणून तो फोटो उजळ करतो आणि दगड राखेसारखा होतो. उपाय सोपा आहे: एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम गडद किंवा उजळ करायची सेटिंग) उणे १ पर्यंत न्या. उलट, धुक्यात, पांढऱ्या भिंतीसमोर किंवा दुधाळ धबधब्यापुढे अधिक १ करा, नाहीतर पांढरं मळकट येईल.

अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलेलं हे देऊळ पूर्वाभिमुख आहे. सकाळचं तिरपं ऊन दगडाच्या कडांवरून घासत जातं तेव्हाच त्याचा काळा रंग आणि पोत दोन्ही येतात. दरवाज्याचा फोटो काढताना घाई करू नका. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह इथे सुरू झाला, तेव्हा हे दरवाजे बंद होते. आज त्यांतून माणसांचा ओघ आत-बाहेर करतो. तो ओघ चौकटीत येईपर्यंत थांबलं तर फोटोला अर्थ येतो.

६. देवळाच्या आत फोटो काढता येतात का?

गाभाऱ्यात नाही, असंच धरून चाला. त्र्यंबकेश्वरला मंदिरात फोटोग्राफीला मनाई आहे. बाकी ठिकाणी दारावरची पाटी वाचा, पाटी नसेल तर पुजाऱ्यांना विचारा. फ्लॅश कुठेच नको.

७. पांडवलेण्यांत ट्रायपॉड चालतो का? अंधारात फोटो हलतात.

पांडवलेणी, सिन्नरचं गोंदेश्वर ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची संरक्षित स्मारकं आहेत. हातातल्या कॅमेऱ्याने फोटो काढायला हरकत नसते, ट्रायपॉडसाठी मात्र खात्याची आधी परवानगी लागते. ती नसेल तर आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १६०० ते ३२०० ठेवा, कॅमेरा पिशवीवर टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा.

एकूण २४ लेण्यांपैकी तिसऱ्या लेण्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. ओसरीखाली अख्खा भार खांद्यावर घेतलेल्या आकृत्या आहेत. त्यांच्या नजरेच्या पातळीला बसलात तरच तो भार फोटोत येतो, उभ्याने काढला की त्या नुसत्या रांगेत बसलेल्या दिसतात. ब्राह्मी लेखांची अक्षरं समोरून सपाट येतात, एका कडेने तिरपा उजेड येत असताना काढली तर खोली दिसते. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू घासणं किंवा पाणी मारणं हा दोन हजार वर्षांच्या दगडावर अत्याचार आहे. कोणी करताना दिसलं तर थांबवा.

पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांनी सिनेमाकडे वळण्याआधी गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवला होता, हे आपल्यासारख्यांना आवर्जून माहीत असावं.

८. नांदूर मध्यमेश्वरला कधी जावं? काय दिसतं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि तेही उजाडायच्या आत पोहोचता येईल अशा बेताने. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे गाळ साचून हा पाणथळ प्रदेश तयार झाला. २०२० मध्ये त्याला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाला, महाराष्ट्रात पहिल्यांदा. चापडगाव आणि खाणगाव थडीकडून आत जाता येतं. वन खात्याचं प्रवेश शुल्क आणि कॅमेऱ्याचं शुल्क भरा, आणि गावातला गाइड जरूर घ्या. पाणी कुठे उतरलंय, कोणता थवा कुठे बसलाय हे त्या पोरांना रोजच्या रोज माहीत असतं. शिवाय पाणथळ राखली तर गावातल्या पोरांना काम मिळतं, हे गावालाही दिसलं पाहिजे.

थापट्या, तलवार बदक, चक्रवाक थव्यांनी दिसतात. चित्रबलाक, चमचे, जांभळ्या पाणकोंबड्या काठाकाठाने मिळतात. वारकरी पक्ष्यांवर लक्ष ठेवा: उडण्याआधी ते पाण्यावरून पावलं आपटत लांबपर्यंत पळतात, मागे पाण्याच्या टिंबांची ओळ उठते, आणि समोरून ऊन असेल तर प्रत्येक टिंब पेटतं. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी खाली घिरट्या घालू लागला की शटरवर बोट ठेवून तयार राहा, कारण पुढच्या क्षणी पाण्यावरचा अख्खा थवा उठतो.

उडत्या पक्ष्यासाठी शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून जलद, आयएसओ ऑटोवर, फोकस कंटिन्युअस (हलत्या पक्ष्याचा माग ठेवणारा). कपडे मातकट रंगाचे असावेत. निफाडच्या पट्ट्यात थंडी कडाक्याची असते. बोटं आखडली की बटणं सापडत नाहीत, म्हणून हातमोजे न्याच.

९. माझ्याकडे ३०० एमएमच लेन्स आहे. पक्षी इवलासा येतो. काय करू?

पक्ष्याचं पोर्ट्रेट काढायचा हट्ट सोडा आणि पक्ष्याचं घर काढा. धुक्यातली लव्हाळी, मासे पकडणारा कोळी, काठावरची गाय आणि तिच्याभोवतीचे बगळे हे ३०० एमएममध्ये सुरेख बसतं. जवळ जाण्यासाठी चिखलात घुसून थवा उठवू नका. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखराचं खाणं आपल्या एका फोटोसाठी मोडायचं नसतं.

१०. घरट्यांचे, दुर्मीळ फुलांचे फोटो टाकताना जागा सांगावी का?

नाही. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडं घरटी करतात, आणि तिथल्या पठारावर सेरोपेजिया अंजनेरिका ही वनस्पती सापडते. तिला नावच या डोंगरावरून मिळालं. अशा फुलाची नेमकी जागा जगजाहीर झाली की दुसऱ्या रविवारी तिथे पायवाट पडते. फोटो टाकण्याआधी त्यातली जीपीएस माहिती काढून टाका आणि ठिकाण म्हणून फक्त तालुका लिहा. घरट्याजवळची फांदी तोडून "व्ह्यू मोकळा" करणं आणि मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावणं, हे दोन्ही प्रकार बंद झाले पाहिजेत. उघड्यावर आलेली पिल्लं उन्हाने किंवा कावळ्यांमुळे मरतात.

११. पावसाळ्यात कॅमेऱ्याचं काय?

नाशिक शहरात पाऊस बेताचा पडतो, इगतपुरी-त्र्यंबककडे त्याच्या कितीतरी पट. शहरातून निघताना कोरडं असलं तरी घोटीच्या पुढे ढग अंगावर येतात. म्हणून गाडीत रेनकव्हर, नाही तर निदान दुधाच्या पिशवीएवढी जाड प्लास्टिक पिशवी आणि सुती पंचा कायम असू द्या.

खरा शत्रू पाऊस नसून दमट कपाट आहे. भिजलेला कॅमेरा चामड्याच्या बॅगेत बंद करून ठेवला की बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं.

१२. धबधब्याचं पाणी रेशमासारखं कसं येतं?

शटर १/४ सेकंद ते १ सेकंद, ट्रायपॉड, आणि दिवसा उजेड कमी करणारा एनडी फिल्टर. सोमेश्वरला फुगलेलं पाणी मातकट असतं, तिथे मी उलट १/१००० वर त्याचा जोर पकडतो. दुगारवाडीसारख्या ठिकाणी वर डोंगरात पाऊस झाला की खालचं पाणी अचानक वाढतं. गढूळपणा किंवा आवाज बदललेला जाणवला की ट्रायपॉड उचला आणि वर निघा. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याची सूचना आली की हाच नियम घाटालाही लागू: पुराचे फोटो पुलावरून, पायऱ्यांवरून नाही.

१३. रंगपंचमीला रहाडीचे फोटो काढायचेत. कॅमेरा वाचेल का?

वाचेल, पण तयारीने जा. बाहेरगावच्या वाचकांसाठी: रहाड म्हणजे जमिनीत बांधलेला खोल दगडी हौद, पेशवेकाळापासूनचा. वर्षभर तो लाकडी ओंडके, फळ्या आणि माती टाकून बुजवलेला असतो, वरून रहदारी चालू असते. रंगपंचमीच्या आधी उघडून साफ करतात, नैसर्गिक रंग उकळून ओततात, पूजा होते आणि मग धप्पा सुरू होतो. काठावरून आत उडी, रंग चौफेर उसळतो. शनी चौक, तिवंधा या जागा माहितीच्या. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो.

काठावर उभं राहून धप्पा टिपायचा तर कॅमेऱ्याला प्लास्टिकने पूर्ण गुंडाळा, लेन्सपुढे यूव्ही फिल्टर लावा आणि फक्त फिल्टरची काच उघडी ठेवा. लेन्स तिथे बदलायची नाही. उडीसाठी १/१२५०. पण रंग उसळून खाली येताना १/६० वर काढलेले फोटो मला जास्त भावतात, कारण त्यांत माणसं रंगात विरघळतात. जवळच्या एखाद्या घराच्या गॅलरीतून काढायला मिळालं तर सोन्याहून पिवळं. त्यासाठी आदल्या दिवशी जाऊन ओळख काढा (प्रश्न ४). पूजा चालू असताना घरच्या मंडळींच्या पुढे घुसू नका. आणि दिवसभर कॅमेऱ्यामागे राहू नका, एक धप्पा स्वतःही मारा.

धुळवडीला निघणारी वीरांची मिरवणूकही चुकवू नका. तिच्यासाठी बाहेरून येणारे फोटोग्राफर तुलनेने कमी दिसतात.

१४. आकाशगंगा आणि काजवे नाशिकजवळ कुठे मिळतील?

आकाशगंगेसाठी शहराच्या उजेडापासून दूर, भावली धरण किंवा त्र्यंबकच्या पलीकडे, फेब्रुवारीअखेर ते मे, अमावस्येच्या आसपास. शटरचा अंदाज असा: ५०० ला लेन्सच्या फोकल लेंथने (एमएमच्या आकड्याने) भागा, एपीएस-सी (लहान सेन्सरचा) कॅमेरा असेल तर आधी फोकल लेंथला १.५ ने गुणा. १८ एमएमला साधारण १८ सेकंद येतात, त्याहून जास्त ठेवलं की तारे रेघा ओढतात.

काजव्यांसाठी भंडारदऱ्याचा परिसर, मेअखेर ते जूनचा पूर्वार्ध. टॉर्च, गाडीचे दिवे, फ्लॅश, सगळं बंद. काजवे उजेडाने जोडीदार शोधतात, आपल्या झोतात तो उजेड हरवतो. वन खात्याने ठरवून दिलेली वेळ पाळा.

१५. द्राक्षबागेत फोटो काढू देतात का?

शेतकऱ्याला विचारलं तर बहुतेक ठिकाणी देतात. जानेवारी ते मार्च हा काढणीचा हंगाम. घडाला हात लावू नका. मण्यांवर पांढुरका मेणासारखा थर असतो, बोट लागलं की तो पुसला जातो आणि निर्यातीच्या मालाचा भाव उतरतो. सकाळी उन्हाकडे तोंड करून घड काढा, मणी आतून उजळतात. फवारणी चालू असेल तर त्या दिवशी परत फिरा. लासलगावचा कांद्याचा लिलावही असाच, विचारून आणि ट्रॅक्टरच्या वाटेत न येता.

१६. रॉ की जेपेग?

एडिट करणार असाल तर रॉ, म्हणजे सेन्सरने टिपलेली सगळी माहिती असलेली कच्ची फाइल. घाटावरची पहाट किंवा आरतीचे दिवे अशा ठिकाणी उजेड आणि अंधार यांतला फरक फार असतो, तिथे रॉमधूनच सावल्या वर काढता येतात. घरच्या वाढदिवसाला जेपेग पुरे.

१७. एडिटिंगला कोणतं सॉफ्टवेअर? फुकटात काही आहे का?

संगणकावर डार्कटेबल आणि रॉथेरपी पूर्ण मोफत आहेत, मोबाइलवर स्नॅपसीड. लाइटरूम सोयीचं आहे, पण त्याला दरमहा पैसे लागतात. शिकायला महत्त्वाचं सॉफ्टवेअर नाही, क्रम आहे.

मी आधी फोटो निवडतो, आणि निवड शक्यतो आठवडाभराने करतो. काढल्या दिवशी प्रत्येक फोटो चांगलाच वाटतो. मग क्षितिज सरळ करणं आणि कातरणं. मग व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची दुरुस्ती: सोडियमच्या दिव्यातला घाट पूर्ण पांढरा केला तर रात्र नाहीशी होते, म्हणून थोडा पिवळेपणा राहू देतो. त्यानंतर हिस्टोग्राम (उजळ-गडद छटांचा आलेख) बघत एक्स्पोजर, मग हायलाइट्स खाली, सावल्या हलक्या हाताने वर. रंगांना शेवटी हात लावायचा. नाशिकच्या बेसाल्टला निळसर झाक असते, सॅच्युरेशनचा स्लायडर ओढला की देवळं जांभळी होतात. त्याऐवजी व्हायब्रन्स (फिक्या रंगांनाच जास्त उठाव देणारा स्लायडर) थोडा वाढवा. धूसरपणा काढणारं डीहेझ वापरलं की आकाश काळवंडतं आणि हिवाळ्यातल्या धुक्याचा जीव जातो. ज्या धुक्यासाठी पहाटे उठलो ते पुसण्यात काय अर्थ आहे?

चेहऱ्यांवर गुळगुळीतपणाचा फिल्टर नको. भाजीवाल्या आजींच्या सुरकुत्या काढून टाकल्या तर त्या आजी राहत नाहीत.

१८. आकाश बदललं, वायर काढली, तर ती फसवणूक होते का?

तुम्ही त्या फोटोला काय म्हणता यावर आहे. वॉलपेपर म्हणून काहीही करा. "रामकुंड, आज सकाळ" असं लिहून दुसऱ्या दिवशीचे ढग बसवले तर मी त्याला खोटं म्हणेन. स्पर्धेला पाठवताना नियम वाचा. पत्रकारिता आणि वन्यजीव विभागात वस्तू घालणं-काढणं सहसा चालत नाही, आणि मूळ रॉ फाइल मागतात.

१९. स्क्रीनवर झकास दिसतो, प्रिंट काळपट येते. का?

स्क्रीन फार उजळ ठेवलेली असते. एडिट करताना ब्राइटनेस अर्ध्यावर आणा, खोलीत साधा दिवा ठेवा. लॅबला एसआरजीबी या सर्वसाधारण रंगपद्धतीतली जेपेग द्या आणि मोठी प्रिंट काढण्याआधी तोच फोटो लहान आकारात काढून बघा. १२ बाय १८ इंचाच्या प्रिंटला ३०० डीपीआयने ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, म्हणजे २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा पुरून उरतो.

२०. फोटो साठवायचे कसे?

तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. दोन ठिकाणी उतरवल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

२१. शहरात कॅमेरा कुठे काढू नये?

नाशिकरोडची नोट प्रेस आणि सिक्युरिटी प्रेस, देवळालीचा लष्करी भाग, ओझरचा विमानतळ आणि कारखान्याचा परिसर. भिंतीवर पाटी असो नसो, या ठिकाणी रस्त्यावरूनही कॅमेरा रोखू नका. सुरक्षारक्षकाने हटकलं तर वाद न घालता कॅमेरा खाली करा.

२२. छोटा ड्रोन घेतलाय. घाटावर उडवू का?

"छोटा आहे म्हणजे नियम नाहीत" हा गैरसमज आहे. ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला, तसंच हौसेसाठी वापरलेल्या २ किलोपर्यंतच्या मायक्रो ड्रोनला पायलट प्रमाणपत्र लागत नाही, पण ड्रोनची नोंदणी आणि हवाई क्षेत्राचे नियम लागू होतातच. अधिकृत नकाशातल्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंतच मुभा आहे. ओझर, देवळाली आणि प्रेसमुळे (प्रश्न २१) नाशिकच्या आसपास निर्बंध आहेत, त्यामुळे दरवेळी अधिकृत नकाशा बघा. गर्दी, मिरवणूक, अभयारण्य या ठिकाणी परवानगीशिवाय अजिबात नाही. थव्याजवळ ड्रोन गेला की पक्षी जागा सोडून जातात.

२३. २०२७ च्या कुंभमेळ्यात हौशी माणसाला फोटो काढता येतील का?

येतील, पण अमृतस्नानाच्या दिवशी रामकुंडाजवळ पोहोचण्याची आशा धरू नका. गर्दीचे मार्ग पोलीस ठरवतात आणि पुढच्या जागा पासधारकांच्या असतात. हौशी माणसासाठी कुंभ स्नानाच्या तारखांच्या अधल्यामधल्या दिवसांत असतो: तपोवनात साधुग्राम उभं राहताना, पहाटेचा धूर, मोठ्या कढया, बोचकी डोक्यावर घेऊन आलेले यात्रेकरू. एक कॅमेरा, एक ३५ एमएम, पाण्याची बाटली. ट्रायपॉड घरी. घाटाची जुनी रूपं आतापासून टिपून ठेवा, सिंहस्थाच्या कामांत बरंच काही बदलतं.

२४. विचारून काढलेला फोटो नंतर काढून टाका म्हणाले तर?

काढून टाका, कारण विचारू नका. एखाद्या बाईला सासरी त्रास होऊ शकतो, एखाद्याने घरी न सांगता दुसरं काम धरलेलं असतं. कायद्याने बांधील आहोत की नाही हा मुद्दा नंतरचा. स्पर्धेत किंवा प्रदर्शनात लागलेला फोटो असेल तर आयोजकांना कळवून उतरवून घ्या.

२५. माझा फोटो न विचारता कोणीतरी फ्लेक्सवर छापला. हक्क कोणाचा?

तुमचा. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार फोटो काढणारा हाच त्याचा पहिला मालक. हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो आणि त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. व्हॉट्सअॅपवर पाठवला म्हणून हक्क जात नाही. मूळ रॉ फाइल हा सगळ्यात चांगला पुरावा. आधी शांतपणे फोन करा, बहुतेक मंडळी नाव छापायला किंवा फ्लेक्स उतरवायला तयार होतात. ऐकलं नाही तर लेखी नोटीस द्या.

दोन अपवाद आहेत, आणि तिथेच भांडणं होतात. कोणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतले असतील तर वेगळा करार नसल्यास हक्क काम देणाऱ्याचा. नोकरीचा भाग म्हणून काढले तर मालकाचा. म्हणून मित्राच्या हॉटेलचे फोटो "थोडे पैसे घे रे" म्हणून काढणार असाल तर आधी दोन ओळी लिहून घ्या: तो कुठे कुठे वापरणार, आणि तुम्ही स्वतःच्या संग्रहात, प्रदर्शनात दाखवू शकता की नाही. मैत्रीत लिहायला संकोच वाटतो, तरी मेसेजमध्ये का होईना, लिहा. स्पर्धेच्या अर्जातही "सर्व हक्क आयोजकांकडे" असं वाक्य असेल तर सही करू नका.